मदत हवी आहे: मेनूवरून गायब झालेलं कॉकटेल घरी कसं जमवू?

मंडळी, मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडजवळ राहतो. आमच्या आवडत्या टिकी बारचा (पॅसिफिक बेटांच्या थाटाचा, रमच्या कॉकटेल्सचा बार) मेनू दर मोसमाला बदलतो, आणि नेमकं आपल्याला आवडलेलं पेय पुढच्या वेळी गायब! यंदाचं होतं दोन प्रकारच्या रम, अननस, लिंबू, जरा दालचिनी आणि ऑर्झा, म्हणजे बदामाचं सिरप. बारटेंडरने घटक हसत सांगितले, प्रमाण मात्र सांगेना.

माय ताय हे रमचं कॉकटेल, ती घरी बरी जमते. ती १९४४ साली बारमालक ‘ट्रेडर विक’ बर्जरॉन यांनी इथेच ओकलंडात बनवली. रम, लिंबू, ऑरेंज क्युरासाओ (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य), ऑर्झा, थोडी साखर, बस. त्यात अननसाचा रस नव्हताच, तरी बऱ्याच ठिकाणी ओततात. असो.

अडचण ऑर्झाची आहे. बाटलीतलं फार गोड लागतं. बदाम भिजवून, वाटून, गाळून साखर घातली की चव छान येते, पण दोन दिवसांत थर वेगळे होतात. संत्र्याच्या फुलांचं पाणी गरम असताना घालायचं की गार झाल्यावर? आणि कडू बदामाचा तो वास कशाने आणता?

दुसरं, घरी ओल्ड मंक रम पडून आहे. क्वालालंपूरच्या हिल्टनमध्ये सत्तरच्या दशकात जन्मलेल्या जंगल बर्डमध्ये (रम, अननस आणि कॅम्पारी या कडू इटालियन मद्याचं कॉकटेल) ती चालेल का? कॅम्पारीच्या कडूपणापुढे तिचा व्हॅनिला टिकेल असं मला वाटतं, बायकोला अजिबात नाही.

शनिवारी पाहुणे आहेत, त्यातले दोघे दारू घेत नाहीत. त्यांच्यासाठीही काही सुचवा, फक्त नुसता अननसाचा रस नको.