भाचीला आकडे रंगीत दिसतात – इंदुरात कोणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझी भाची नववीत आहे. तिच्या लेखी ७ हा गर्द हिरवा, मंगळवार विटकरी आणि तबल्यावरचा 'धा' निळा! आम्ही थट्टाच समजत होतो. पण परवा म्हणाली, "मामा, ३ आणि ८ दोन्ही पिवळे, म्हणून बेरजेत घोळ होतो," तेव्हा मी वाचायला घेतलं. याला सिनेस्थेशिया म्हणतात, आजार नव्हे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्येच यावर लिहिलं होतं. खरं-खोटं तपासायला रंगांची यादी लिहून ठेवायची आणि काही आठवड्यांनी न सांगता पुन्हा विचारायची. ज्याला खरंच रंग दिसतात त्याची उत्तरं बहुतांशी तीच येतात. ते चालू आहे.

घोळ वेगळाच आहे. रामबागेतल्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ताईच्या डोक्यात भरवलंय की संमोहनाने ही 'शक्ती' वाढेल, पोरगी डोळे बांधून वाचेल. फी ऐकूनच मला घाम फुटला. २००९ च्या एका प्रयोगात संमोहनातल्या सूचनेने साध्या माणसांनाही आकडे रंगीत भासले होते, हे खरं. पण ती माणसं मुद्दाम निवडलेली, सहज संमोहित होणारी होती. त्यात डोळे बांधून वाचणं कुठून आलं?

तर, इंदुरात याची नीट माहिती असलेले, मराठी किंवा हिंदीतून बोलणारे मानसशास्त्रज्ञ कोणी सुचवाल का? आणि ताईला न दुखावता हे कसं समजवावं? भावजींसमोर माझं काही चालत नाही.