मदत हवी आहे : डी५६०० साठी रोजच्या बॅगेत मावेल अशी प्राइम (झूम न होणारी लेन्स), ३५ मिमी घेऊ की ५०?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, सोबत १८-१४० मिमीची झूम लेन्स. लग्नकार्य किंवा सहल असली की कॅमेरा बाहेर निघतो, एरवी कपाटात. बॅटरीसकट बॉडी ४६५ ग्रॅम आणि लेन्स ४९० ग्रॅम, म्हणजे भरलेली लिटरची बाटलीच. डोंबिवली ते दादर रोजचा प्रवास आहे. डबा, पाणी, छत्री यांच्यावर आणखी एक किलो खांद्याला झेपत नाही.

पण मला फोटो काढायचेत ते रोजचेच. सकाळी साडेसहाला सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाटावर बसतात आणि लेकीच्या दोन वेण्या घालतात. कंगवा दातांत धरलेला, लेक अर्धवट झोपेत, मान मागे ओढली गेलेली. कित्येक वर्षं रोज बघतेय आणि एकही धड फोटो नाही. आता लेकीने जाहीर केलंय की मे महिन्यात केस बारीक कापणार. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

गेल्या आठवड्यात झूम लावून प्रयत्न केला. ट्यूब लावली की खिडकीतून येणाऱ्या उजेडाची सगळी मजा जाते, म्हणून बंद ठेवली. ३५ मिमीला ही झूम एफ/४ च्या आसपास असते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ठेवूनही शटर १/१५ सेकंदावरच. व्हीआरमुळे (लेन्समधली थरथर सावरणारी सोय) माझा हात हलला तरी निभावतं, पण सासूबाईंची बोटं ते कशी थांबवणार? वीसच्या वीस फोटोंत बोटं पुसट. एफ/१.८ ला जवळजवळ पाचपट उजेड मिळेल, म्हणजे शटर १/६० च्या पुढे जाईल, असा माझा हिशेब आहे. बरोबर आहे ना?

आता ३५ की ५०. झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावून चार दिवस ३५ वर आणि चार दिवस ५० वर काढले. आमचं स्वयंपाकघर आठ बाय नऊ. ५० ला सहा फुटांवरून जेमतेम पावणेतीन फूट रुंदी मावते. सासूबाई आल्या तर लेकीचे गुडघे कापले जातात, आणि मागे सरकायला गेले तर पाठीला फ्रीज. ३५ ला दोघी मावतात, वर खिडकीचा गजही येतो. लोकलमध्ये मात्र ५० आवडली. आमच्या डब्यात एक मावशी रोज परतीच्या गाडीत मेथी निवडतात. त्यांना विचारून नुसत्या हातांचे फोटो काढले, फार सुंदर आले. म्हणून मन दोन्हीकडे ओढतंय.

आणखी एक. मागे एका दुकानातून जुनी ५० एफ/१.८डी घेतली होती, फक्त १५५ ग्रॅमची. दुकानदार म्हणाला ऑटोफोकस आहे. घरी लावली तर फोकस जागचा हलेना. त्या लेन्समध्ये मोटर नसते, बॉडीतल्या मोटरने ती फिरते, आणि डी५६०० च्या बॉडीत ती मोटरच नाही, हे नंतर कळलं. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून या वेळी आधी विचारतेय. बजेट १५ हजार, जुनी चालेल. का सगळंच विकून मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा?

प्रतिसाद

ताई, ३५ घ्या. एएफ-एस डीएक्स ३५ एफ/१.८जी. नावात एएफ-एस आहे म्हणजे मोटर लेन्समध्येच असते. वजन २०० ग्रॅम, बॉडी धरून ६६५. मी हीच लेन्स सहा वर्षं वापरतोय.

उजेडाचा हिशेब बरोबर आहे. पण पाच फुटांवरून एफ/१.८ ला फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर, पाचेक इंचच मिळते. बोटं स्पष्ट आली तर मागे सासूबाईंचा चेहरा मऊ पडेल. एफ/२.८ वर या, ती खोली आठ इंचांपर्यंत जाते. आयएसओ ६४०० करा म्हणजे १/६० टिकेल. फोटोत थोडे दाणे (बारीक ठिपके) दिसतील, दिसू देत. खिडकीच्या गजांना एफ/१.८ ला जांभळी कडा येते, तीही एफ/२.८ ला बरीच कमी होते.

मिररलेसचं म्हणाल तर निकॉनची झेड३० बॉडी आणि २४ मिमी एफ/१.७ लेन्स मिळून ५४० ग्रॅम होतात. सव्वाशे ग्रॅमसाठी नवी बॉडी घेऊ नका, शिवाय झेड३० ला डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. २४ ला जास्त रुंदी मावते खरी, पण रुंद फोटोला फोन आहेच.

जुनी घेताना लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. आणि तुमची बॉडी सोबत न्या, फोकस होतोय का तिथेच बघा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. खोलीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला दोघींचेही चेहरे हवेत, त्यामुळे एफ/२.८ नक्की. ठाण्यात एक जुनी ३५ मिळतेय, रविवारी टॉर्च आणि कॅमेरा घेऊन बघायला जाते. सासूबाईंना विचारलंय, सोमवारपासून पाट हातभर खिडकीकडे सरकवाल का. "सरकवते, पण तिची शाळेची बस चुकवू नकोस," म्हणाल्या.