मदत हवी आहे: गायनात वरचे दीर्घ स्वर लावताना श्वासाचा आधार कसा टिकवावा?

मधल्या पट्टीत माझा दमसास व्यवस्थित पुरतो. मात्र तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) थांबताच स्वराच्या शेवटी पोट एकदम आत ओढले जाते, बरगड्या खाली बसतात आणि स्वर किंचित उतरतो. आधारस्वराशी (सतत वाजणाऱ्या ‘सा’शी) ताडून ऐकले की ही उतरण स्पष्ट कळते.

‘श्वासपटलाने गा’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो मला अपुरा वाटतो. श्वासपटल हा मुख्यतः श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. तो आकुंचन पावून खाली सरकतो तेव्हा फुप्फुसांत हवा येते, आणि गाताना तो हळूहळू वर जात असताना हवेचा दाब सांभाळण्याचे बरेचसे काम पोटाचे व बरगड्यांमधले स्नायू करतात. शिवाय त्याची हालचाल थेट जाणवत नाही. जाणवते ती पोटाची आणि कमरेच्या बाजूंची.

इटालियन परंपरेतील ‘अप्पोज्जो’ पद्धतीत छाती उचललेली आणि खालच्या बरगड्या फैलावलेल्या ठेवून श्वास सावकाश सोडतात. नुसता ‘स्स्स’ असा आवाज काढताना मला हे जमते, परंतु आकार (‘आ’ असा स्वर) लावताच बरगड्या मिटतात. स्वरतंतू पूर्ण न मिळाल्यामुळे हवा जास्त निसटत असावी, अशी शंका आहे. तसे असेल तर नुसते श्वासाचे व्यायाम वाढवून काय उपयोग?

दोष श्वासाचा आहे की आवाज लावण्याचा, हे स्वतःचे स्वतः कसे ओळखावे? तसेच मांडी घालून बसल्यावर पोट थोडे दबते, तेव्हा बरगड्यांचा फैलाव टिकवण्यासाठी कोणता सराव उपयोगी पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.