तालमीच्या फुटबॉलचं संग्रहालय करायचंय, कमिटी गाळा सोडत नाही. कुणी केलंय का असं काही?

उद्यमनगर_लेथ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, वय 54, उद्यमनगरात दोन लेथ आहेत. खेळलो फारसा नाही. 'बी' टीमला दोन सीझन राइट बॅक, त्यातला एक बाकावरच. तेव्हापासून आजपर्यंत गॅलरीत.

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं क्लब म्हणजे तालीम. खाली कुस्तीचा आखाडा, वर मंडळाची खोली, गणपती तिथलाच आणि फुटबॉलची टीमही तिथलीच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही पेपरात वाचता ती टीमची नावं मुळात तालमींची. केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, तिची लीग शाहू स्टेडियमवर होते आणि मॅचच्या दिवशी पेठेत अर्धी दुकानं दुपारीच ओढून घेतात. आमच्या तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार ते घरचंच भांडण आहे.

जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. खाली सहा गाळे, वर हॉल. मार्चमध्ये सामान काढायला सुरुवात झाली. मी सकाळी चहाला गेलो तर दारात भंगारवाल्याचा टेम्पो, आणि पोत्यांतून शिल्डांचे कोपरे बाहेर आलेले. पितळ वेगळं, लाकूड जळणाला. विचारलं तर म्हणाले, "वाळवी लागलीया, ठेवायचं कुठं?" मी दोन पोती 1,100 रुपयाला परत घेतली. आमच्याच शिल्डा, आमच्याच दारात, विकत. तिसरं पोतं आधीच्या खेपेला गेलं होतं.

घरी येऊन उघडली. शिल्डांपेक्षा खाली जे होतं त्यानं मी रात्री दोनपर्यंत जागा राहिलो. लाल कापडी पुठ्ठ्याची खर्चाची वही, 1971-72 च्या सीझनची. प्रत्येक मॅचला एक पान. लिंबं 2 डझन, बर्फ, सुतळी, बँडेज, सायकल भाडं. एका पानावर "गोलकीपर चष्मा दुरुस्ती 4 रु." आणि त्याखाली वेगळ्या शाईत, "मॅचमध्ये चष्मा घालू नये अशी समज दिली." निकाल मात्र एकाही पानावर नाही. जिंकलो का हरलो ते सगळ्यांना पाठच असणार, लिहायचं कशाला!

आणि एक जर्सी. मरून रंगाची, धुऊन धुऊन विटकरी झालेली. पाठीवर 7 नंबर, तो जुन्या धोतराच्या कापडाचा कापून हातानं शिवलेला. वरची टीप पांढऱ्या दोऱ्याची. सातच्या पायाशी दोरा बदललाय, हिरवा झालाय. एवढीच चार बोटं.

आम्ही दहा-बाराजण गॅलरीवाले एकत्र आलो आणि कमिटीकडं सहातला एक गाळा मागितला. कमिटीचं म्हणणं, गाळ्याला महिना 12,000 भाडं येतं, त्यात पोरांचे बूट, डॉक्टर, प्रवास निघतो. ते खोटं नाही, म्हणून राग पण धड येत नाही. दुसरं म्हणणं, "बघायला कोण येणार? पोरं मोबाईलवर मेस्सी बघतात." ह्यावर मात्र आला. वर्ल्डकपला ह्याच पेठेत मेस्सी-नेमारचे तीस-तीस फुटी कटआउट लागतात, वर्गणी काढून. आमच्या राइट विंगला तेरा वर्षं पळालेल्या माणसाचा एक फोटो तालमीत नाही. अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला तेव्हा "आपल्या कोल्हापूरचा" म्हणून सगळे नाचलो. त्याच्या आधीचे कोण, हे आठवीतल्या पोराला विचारा.

तर, असं कुठं समर्थकांनी जागा मिळवून केलंय का? कमिटीशी बोलायचं कसं? आणि हे सामान तोवर टिकवायचं कसं? सध्या माझ्या माळ्यावर आहे आणि बायको फक्त बघते, बोलत काही नाही. ते जास्त वाईट.

समोरची_गॅलरी

आमच्याकडून खाल्लेल्या गोलांसाठी वेगळा हॉल लागंल तुम्हाला. तो बांधा आधी.

चेष्टा सोड भावा. आमच्यात पण हेच झालंय. 2019 च्या महापुरात आमच्या माजी सेक्रेटरींच्या दुधाळीतल्या घरात पाणी शिरलं, कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत सगळे फोटो होते. लगदा झाला. वरच्या कप्प्यात होता म्हणून एक वाचला. आपल्या दोन्ही टीमचा, फायनलच्या आधीचा, एका रांगेत तुमचा एक आमचा असं मिसळून उभे. दहा मिनिटांनी एकमेकांच्या नडग्या फोडणार होते. तो देतो मी तुला. अट एकच, खाली "उपविजेते" असं आमच्याबद्दल लिहायचं नाही. नुसती नावं लिहायची.

हांबुर्गवाला_सातारकर

काका, तुमचा प्रश्न वाचून सरळ उठून बसलो. मी नऊ वर्षं हांबुर्गला आहे. इथल्या सांक्ट पाउली क्लबच्या लोकांनी नेमकं हेच केलंय, फक्त तिथं गाळ्याच्या जागी पोलीस ठाणं होतं.

मिलर्नटोर हे त्यांचं स्टेडियम. त्याची एक बाजू पाडून नवी बांधायची होती, आणि त्या नव्या स्टँडच्या पोटात मोठं पोलीस ठाणं येणार असा बेत होता. समर्थक बिथरले. पण नुसतं "नको" म्हणत बसले नाहीत. "ह्या जागेत आमचं संग्रहालय येऊ द्या" असा दुसरा प्रस्ताव ठेवला आणि 2012 मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था काढली. क्लब 1910 चा, म्हणून संस्थेच्या नावातच 1910. ठाणं दुसरीकडं गेलं. आज त्या स्टँडखाली संग्रहालय आहे.

पण जागा मिळाली म्हणून संग्रहालय झालं, असं समजू नका. जागेच्या आधी त्यांनी करून दाखवलं होतं. 2010 ला क्लबची शंभरी झाली तेव्हा स्टेडियमजवळ कंटेनर लावून त्यांत प्रदर्शन भरवलं. लोहे के डब्बे, बाकी काही नाही. लोक आले, घरातल्या वस्तू घेऊन आले, आणि मग "बघायला कोण येणार" हा प्रश्न कुणी विचारायचं कारण उरलं नाही.

आत काय आहे म्हणाल तर कप फार नाहीत. क्लबनं मोठं असं जिंकलंय काय? 6 फेब्रुवारी 2002 ला त्यांनी बायर्न म्युनिकला 2-1 हरवलं. बायर्न तेव्हा जगज्जेते क्लब, आणि हे तळाला. त्या मोसमात हे खालच्या लीगमध्ये घसरले सुद्धा. तरी "जगज्जेत्यांना हरवणारे" असे टीशर्ट छापले, ते आजही घालतात. पुढच्याच वर्षी क्लब पैशावाचून बुडायला आला तेव्हा "तारणहार" असं लिहिलेले टीशर्ट विकून उभा केला. तुमची चष्मा दुरुस्तीची वही इथं असती तर काचेखाली दिवा लावून ठेवली असती.

अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ह्या स्टेडियमला 1970 पासून एका जुन्या अध्यक्षाचं नाव होतं. तो नाझी पक्षाचा सभासद होता हे पुढं आल्यावर सभासदांनी मतदान करून 1998 मध्ये नाव बदललं. संग्रहालयवाल्यांनी तो काळ झाकला नाही, नाझी राजवटीतला क्लब ह्यावर वेगळं प्रदर्शनच केलं. तुमच्याकडं नाझी नाहीत, पण मॅचनंतरच्या दगडफेकी, केसेस, बंदी हे सगळं गॅलरीवाल्यांना माहीत असतंच. ते पण ठेवा. नाहीतर हळदीकुंकवाची रांगोळी होईल.

कागदाचा_डॉक्टर

पुण्यात जुने कागद आणि फोटो दुरुस्त करण्याचं काम करते. दादा, कृपा करून आज रात्रीच ही पोती माळ्यावरून खाली आणा. पत्र्याखालचा माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. घरातली आतली भिंत, जमिनीपासून दोन फूट वर, बास.

जर्सी धुवू नका. मळ काढायचा मोह होईल, इस्त्री करायचा तर फारच होईल. धुतलेल्या कोऱ्या मलमलीत सपाट गुंडाळा, घडीच्या जागी मलमलीची वळकटी द्या म्हणजे कापड तिथं चिरत नाही. डांबरगोळ्या कपड्याला टेकवून ठेवू नका. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटले असतील तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात नाही. दर महिन्याला एक तरी माणूस मला लॅमिनेट केलेला आजोबांचा फोटो आणून देतो आणि "आता काय?" विचारतो. आता काही नाही. वहीला सेलोटेप नको, त्याचा डाग दहा वर्षांत तपकिरी होतो आणि अक्षरासकट निघतो. कप भांडी घासायच्या पावडरीनं चमकवू नका, मुलामा उडतो आणि कोरलेली नावं पुसट होतात. वाळवीच्या शिल्डा बाकीच्या सामानापासून लांब, वेगळ्या खोलीत.

आणि खोलीचा हट्ट थोडा सैल करता आला तर बघा. इंग्लंडात लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबचा मोठा संग्रह डेव्हिड फ्रान्स नावाच्या एका चाहत्यानं जमवलेला. तो धर्मादाय ट्रस्टनं विकत घेतला आणि शहराच्या सार्वजनिक अभिलेखागारात ठेवला. एव्हर्टन 1892 पासून गुडिसन पार्कवर खेळत होतं, 2025 मध्ये पुरुषांची टीम बंदराच्या धक्क्यावरच्या नव्या स्टेडियमवर गेली. मैदान बदललं तरी कागद आपल्या जागी. तुमची तर इमारतच पडतेय. नवी होईपर्यंत तीन पावसाळे जातील.

डेडस्टॉक

व्यवसायानं वकील, मंडळांच्या ट्रस्टची कामं करतो. दोन गोष्टी.

गाळ्यासाठी आत्ता भांडू नका. तुमची तालीम नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं जागा भाड्यानं द्यायला सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यामुळं बहुतेक कमिट्या छोट्या मुदतीचे करार करतात. म्हणजे गाळे कायमचे जात नाहीत, दर वेळी विषय परत येतो.

आत्ता काय करा, तर सर्वसाधारण सभेत एकच ठराव मांडा: ह्या सगळ्या वस्तू मंडळाच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायमच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवाव्यात. खुर्च्या, सतरंज्या, ढोल चढतात तसंच. एकदा नंबर पडला की विकायला ठराव लागतो आणि ऑडिटर विचारतो. भंगारवाल्याचा टेम्पो परत दारात येणार नाही. ह्याला विरोध करायला कुणाला तोंड नाही, कारण पैसा लागत नाही. संग्रहालय हा शब्दच सभेत काढू नका.

लोकांच्या घरच्या वस्तू घेताना दान का ठेव, हे कागदावर लिहून दोन सह्या. पाच वर्षांनी मुलगा येतो आणि म्हणतो, बाबांचा बूट परत द्या.

उद्यमनगर_लेथ

सगळ्यांचे आभार. दोन महिन्यांनी लिहितोय, कारण सांगायला काहीतरी झालं पाहिजे ना.

सभा झाली. गाळा नाही मिळाला. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं तो शब्द काढलाच नाही, तर आमच्यातल्याच एकानं उठून "आणि म्युझियमचं काय?" म्हणून घोळ घातला. पाऊण तास गेला. ठराव मात्र झाला, एकमतानं. नव्या इमारतीत जिन्याखालची सहा बाय आठ जागा देतो असं तोंडी म्हणालेत. मी मिनिटबुकात लिहून घेतलं.

सातारकर, तुमचा कंटेनर डोक्यात बसला. कंटेनर परवडत नाही, पण अँगल तर माझ्याकडं पडलेलाच असतो. चाकांची काचपेटी केली, सहा फूट लांब, खाली ट्रॉलीची चाकं. एरवी वर्कशॉपच्या ऑफिसात, गणपतीत मांडवाशेजारी. ताई, आत मलमल आहे, दिवा उन्हासारखा तापणारा नाही, आणि जर्सीला इस्त्री केलेली नाही. बायकोनं दोनदा हात नेला होता.

पेटी दारात रंगवत होतो तेव्हा मागच्या गल्लीतल्या आक्का आल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान राइट विंगला होते, ज्यांचा फोटो नाही म्हणून मी वर लिहिलं तेच. काचेतून बघितलं, म्हणाल्या, "उलटी कर." उलटी केली. आतल्या बाजूनं हिरव्या दोऱ्याची गाठ दाखवली आणि म्हणाल्या, "रीळ संपलं माझं. दोनला मॅच, आणि ह्याला घाई." मग म्हणाल्या, ही घरात का नाही, मंडळात कशी? मी काय सांगणार! दान का ठेव, त्यांनीच सांगायचं म्हणून दोन्ही कागद पुढं केले. त्यांनी ठेव लिहिली. सही करायच्या आधी दोनदा वाचून घेतला.

तर रजिस्टरला नोंद अशी आहे: अनुक्रमांक 1, जर्सी, मरून, नंबर 7, हिरव्या दोऱ्याची टीप, ठेव. किंमतीच्या रकान्यात काय टाकायचं म्हणून सेक्रेटरी अडून बसला होता. शेवटी 1 रुपया टाकलाय.

समोरची गॅलरी, तुझा फोटो अजून आलेला नाही. पाठीमागं नावं लिहिलेली असतील तर फ्रेममधून काढू नको, तसाच आण. रविवारी अकरापर्यंत वर्कशॉपवर असतो. "उपविजेते" लिहिणार नाही, शब्द दिला. पण गोल किती झाले ते आमच्या वहीत नाही, तुमच्यात कुणाला आठवतंय का बघ.