‘सेट’ शिकवायचा तर ‘बसवणे’पासून सुरुवात करा

तापीकाठ:
आठवी-नववीत इंग्रजी ‘सेट’ (set) या शब्दाचे दहा अर्थ फळ्यावर लिहून पाठ करून घेतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत नुसत्या क्रियापदाचेच चारशेहून जास्त अर्थ आहेत. पाठांतर कुठवर पुरणार? पोरांच्या हाती एकच किल्ली द्या: बसणे आणि बसवणे. इंग्रजीत ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चंच प्रयोजक रूप आहे. जळगावच्या सराफ बाजारात अंगठीत खडा बसवतात, डॉक्टर हाड बसवतात; दोन्हीकडे इंग्रजीत सेटच. घरी ‘बठ’ म्हणणाऱ्या अहिराणी पोरालाही हे लगेच कळतं.

अमळनेरकर:
भाऊ, दोन उदाहरणं जमली म्हणून किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. गजर आपण लावतो, पेपर काढतो, भाव ठरवतो, सूर्य मावळतो. या सगळ्याला सेट. उलट नाटक बसवतो, गणपती बसवतो, तिथे सेट चालत नाही. शिवाय भांड्यांच्या सेटमधला सेट लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आलाय, त्याचं घराणंच वेगळं. तुमच्या पद्धतीनं शिकलेला पोरगा पाहुण्याला ‘प्लीज सेट डाउन’ म्हणेल.

तापीकाठ:
ती चूक तर याच किल्लीनं सुटते. क्रियापदाला ‘काय?’ विचारा. ‘शी सेट द पॉट डाउन’, काय ठेवलं? भांडं. उत्तर आलं की सेट. स्वतः खाली बसायचं असेल तर उत्तर येत नाही, तिथे सिट.

बांधकाम धुळे:
‘काय?’ची कसोटी सिमेंटला लावून बघा. सिमेंट सेट होतं, काय सेट करतं? काहीच नाही, तरी सेटच. इथे अर्थ ‘आवळणे’. साध्या पोर्टलंड सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे इनिशियल सेटला, म्हणजे आवळायला सुरुवात व्हायला, किमान 30 मिनिटं लागली पाहिजेत आणि फायनल सेट, म्हणजे आवळणं पूर्ण होणं, 600 मिनिटांच्या आत झालं पाहिजे. पॉलिटेक्निकची पोरं फायनल सेट म्हणजे पूर्ण ताकद समजतात. ताकद तर त्यानंतर वाढत जाते, म्हणून तर ठोकळे 28 दिवसांनी दाबून बघतात. दुसरी चूक साइटवर होते. उन्हात माल आवळायला लागला की मिस्तरी वरून पाणी मारून पुन्हा कालवतो. नुकती धरलेली पकड मोडते, पाणी वाढतं आणि काँक्रीट कमजोर राहतं. शब्दाचा अर्थ नीट कळला तर हे टळतं.

मिरचीवाले, नंदुरबार:
फळ सेट होणं म्हणजे फळ धरणं. पारा 40 च्या वर गेला की मिरचीचं फूल गळतं, फळ धरत नाही. यातही ‘काय?’ला उत्तर नाही. सिमेंट धरतं, फळ धरतं, दहीही धरतं. माझ्या मते या गटाला ‘धरणे’ हीच चांगली जोड.

कोर्टकचेरी:
‘सेट असाइड’ जपून शिकवा. पैसे सेट असाइड केले म्हणजे बाजूला काढून ठेवले. वरच्या कोर्टानं खालच्या कोर्टाचा हुकूम सेट असाइड केला म्हणजे तो रद्द केला. पक्षकार ‘बाजूला ठेवला’ असं वाचतो आणि हुकूम अजून चालू आहे समजून बसतो.

तापीकाठ:
‘धरणे’ घेतो, नाना. मग क्रम असा ठेवू: पहिल्या तासाला बसवणे आणि ‘काय?’ची कसोटी, दुसऱ्या तासाला धरणे, आणि मगच अप, ऑफ, इन, असाइड हे सोबती, प्रत्येकी दोन वाक्यांत. भूतकाळही तेव्हाच: रूप बदलत नाही, म्हणून ‘ही सेट’ दिसलं आणि शेवटी ‘स’ नसला की भूतकाळ.

अमळनेरकर:
सोबती शेवटी ठेवू नका, सुरुवातच त्यांच्यापासून करा. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणं, फटाका उडवणं, आणि बँकेत थकलेल्या कर्जापोटी ठेव वळती करणं. यातल्या एकातही ‘बसवणे’ किंवा ‘धरणे’ सापडत नाही. पोरानं ‘सेट ऑफ’ हा अख्खा एकच शब्द म्हणून ओळखला पाहिजे.