सरप्राइज फुटतं ते वासानं

बायकोला पत्ता लागू न देता घरीच कँडललाइट डिनर कसं जमवायचं असं विचारलंय आणि सगळे सजावटीचंच सांगतायत, पण माझा अनुभव असा की सरप्राइज फुटतं ते वासानं. फोडणीचा नाहीतर तळणाचा वास जिन्यातच कळतो हो. म्हणून जे आदल्या दिवशी होतंय ते तेव्हाच उरकून डबे फ्रिजमध्ये मागे सारायचे, शिजवलेलं 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे, दुपारी करून रात्रीपर्यंत ओट्यावर झाकून ठेवू नका प्लीज.

मेणबत्त्या बिनवासाच्याच आणा, चव बरीचशी नाकानेच कळते त्यामुळे सुगंधी मेणबत्तीपुढे जेवण फिकं पडतं. आणि बुटक्या घ्या, ज्योत डोळ्यांसमोर आली की समोरचा चेहराच दिसत नाही आणि एवढं सगळं त्या चेहऱ्यासाठीच तर करतोय ना आपण.

अजून एक, ती भुकेली यायला हवी. मी त्या दिवशी सकाळीच सांगून ठेवलं की संध्याकाळी बाहेरचं काही खाऊ नकोस, मला एकट्याला जेवायला कंटाळा येतो. तिला ते नेहमीचंच वाटलं. दार उघडलं तेव्हा एक चप्पल काढलेली, एक पायातच, पर्सचा पट्टा घसरून कोपरापर्यंत आलेला आणि ती तशीच बघत उभी. लगेच "कसं वाटलं" विचारू नका, पाणी द्या, हातपाय धुऊ द्या, दमून आलेली असते.