लाँचर, मेनू, कस्टमाइझ : आपल्या बोलीत काय म्हणायचं?

परभणीकर
मंडळी, शब्दांचा घोळ झालाय, जरा मदत करा. आमच्या तालुक्याच्या गावात अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी बसतात. तिथले कॉम्प्युटर जुने, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ काही त्या मशीनवर चढत नाही, म्हणून सगळ्यांवर झुबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. चालायलंय मस्त. त्यात व्हिस्कर मेनू असतो, कोपऱ्यातल्या बटणावर टिचकी मारली की उघडतो, शोधायची पट्टी, बाजूला फेव्हरिट, अलीकडचे, मंग ऑफिस, ग्राफिक्स, इंटरनेट असे गट. आता सगळं मराठीत करायलोय. ऑफिसच्या गटाला "कार्यालय" लिहून बघितलं तर एकजण विचारतो, सर इथं लग्नं लागतात का. तर लाँचरला (म्हणजे प्रोग्राम उघडायच्या ह्या मेनूला) काय म्हणावं, कस्टमाइझला काय, आणि फेव्हरिट, पिन, रन ह्यांचं काय करावं? पोरांना वाचल्या वाचल्या कळलं पाहिजे, कोशात आहे की नाही ते नंतर बघू.

लातूर_पॅटर्न
लाँचर = प्रक्षेपक. कस्टमाइझ = सानुकूलन. पिन = टाचणी. पुढचा प्रश्न.

अंबाजोगाईची
अहो प्रक्षेपक श्रीहरिकोट्याला ठीक आहे, अभ्यासिकेत कशाला. इंग्रजीतलं लाँच हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आलं, मूळ अर्थ भाला फेकणं, लान्स हा शब्द त्याच घरातला. तिथून जहाज पाण्यात सोडणं, मग रॉकेट, मग मोबाइल बाजारात आणणं आणि शेवटी कॉम्प्युटरवर प्रोग्राम सुरू करणं. इथवर येईस्तोवर फेकाफेकी कधीच संपली होती, आपण मात्र भाषांतर करताना परत पहिल्या अर्थावर जाऊन बसतो. आणि मुंबईला गेटवेवरून घारापुरीला जाते ती लाँच, ती ह्या कुळातली नाहीच, तो पोर्तुगीजांनी मलय भाषेतून उचललेला शब्द. (आपल्याला काय, नाथसागर सोडला तर लाँच घालायला पाणी कुठंय.)

मराठीत प्रोग्राम प्रक्षेपित झालेला मी तरी ऐकला नाही. आपण गाणं लावतो, मोटार चालू करतो, फाइल उघडतो. प्रोग्रामला दोन्ही चालतं, "वर्ड उघड" आणि "वर्ड चालू कर". मग बटणावर "उघडा" लिहावं आणि त्या सगळ्या गोष्टीला मेनूच म्हणावं, लाँचर शब्दाची गरजच काय आहे?

जुना_डीटीपीवाला
बरोबर बोलल्या ताई. आम्ही मेनूच म्हणायचो आणि तो स्वतः लिहावा लागायचा. डॉसच्या जमान्यात ऑटोएक्झेक (कॉम्प्युटर चालू होताना आपोआप चालणारी) फाइलच्या शेवटी मेनूची बॅच फाइल, म्हणजे ओळीनं लिहिलेल्या कमांडची फाइल, बोलवायची, कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर १ वर्डस्टार, २ लोटस, ३ डीबेस असं यायचं, आकडा दाबला की ते उघडायचं. १९९३ ला डॉस ६ आलं त्याच्यात चॉइस नावाची कमांड आली, त्याच्या आधी १ नावाची बॅट फाइल, २ नावाची बॅट फाइल अशा करून ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायचं आकडा टाकून एंटर मारा. चॉइस वापरताना एररलेव्हल (कितवा पर्याय दाबला त्याचा आकडा) मोठ्या आकड्याकडून लहानाकडं तपासत यायचं, कारण तिथं "एवढा किंवा ह्याच्यापेक्षा मोठा" असा हिशोब असतो, उलट्या क्रमानं लिहिलं की काहीही दाबा वर्डस्टारच उघडतंय. नॉर्टन कमांडर ज्यांनी वापरलं त्यांना एफ२ आठवत असेल, तिथं पण आपला आपण मेनू लिहायचा. आडत दुकानवाले म्हणायचे, "मेनू बसवून द्या." कस्टमाइझ वगैरे शब्दच नव्हता, बसवून देणे ह्यातच सगळं आलं.

मंग १९९५ ला स्टार्टचं बटण आलं आणि सगळे "स्टार्टमध्ये जा" म्हणायला लागले. विंडोज ८ मध्ये, म्हणजे २०१२ ला, तो स्टार्ट मेनू गेला आणि लोक चक्रावले, १० मध्ये परत आणला. आजही आमच्याकडचे लोक लिनक्सच्या त्या कोपऱ्याला पण स्टार्टच म्हणतात. म्हणू द्या.

कडब्याची_गंज
मेनू कामून? आपल्याकडं फेरिस्त आहे की. कोर्टात कागद दाखल करताना फेरिस्त जोडतात अजून. फारसी शब्द आहे, १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कारभार उर्दूत, त्यामुळं मराठवाड्याच्या कानाला परका वाटायचं कारण नाही.

अंबाजोगाईची
शब्द गोड आहे पण फेरिस्त म्हणजे काय काय जोडलंय त्याची नुसती यादी. मेनूतून निवडायचं असतं, हा फरक मोठा आहे. शिवाय मेनू लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचलाय, "मेनू काय ठेवला" हे गावातल्या आजीला पण समजतं. तो मूळ फ्रेंच, लॅटिनमधल्या बारीक ह्या अर्थाच्या शब्दापासून, आपला मिनिट पण तिथलाच. बारीकसारीक तपशिलाची यादी म्हणून मेनू. ठेवा तसाच.

नांदेड_टर्मिनल
सगळे जण शब्द वाचायला कसा वाटतो एवढंच बोलायलेत. व्हिस्करमध्ये शोधायची पट्टी आहे ना? म्हणजे हा शब्द पोरांना टाइप करायचा आहे. तुम्ही "अनुप्रयोग प्रक्षेपक" म्हणा नाहीतर आणखी काही, ज्याला जोडाक्षर टाइप करायला येत नाही त्याच्यासाठी ते सॉफ्टवेअर मशीनवर नाहीच. तीन-चार अक्षरांत सापडलं पाहिजे.

आता खरं काम कुठं आहे ते सांगतो. मेनूतल्या प्रत्येक नोंदीमागं एक डॉट डेस्कटॉप फाइल असते, साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडसारख्या कशातही उघडते. तिच्यात नेम असतं ते व्याकरणातलं विशेषनाम, म्हणजे फायरफॉक्स. जेनेरिकनेम हे सामान्यनाम, वेब ब्राउझर. कॉमेंट म्हणजे एका ओळीत अर्थ. कीवर्ड्स म्हणजे समानार्थी शब्द, सेमीकोलन देऊन तोडलेले. शब्दकोशातली नोंदच म्हणा. ह्या चारी ओळींना भाषा लावता येते, ओळीच्या नावाला चिकटून चौकोनी कंसात एमआर (मराठीचा कोड) लिहायचं, बरोबरच्या चिन्हापुढं मराठी. सिस्टीम मराठीत असली की ती ओळ दिसते, नसली तर मूळची. एक्झेक ही ओळ मात्र कमांडची, तिला हात लावायचा नाही.

विशेषनामाचं भाषांतर करू नका. फायरफॉक्सचा अग्निकोल्हा केलेला बघितलाय मी, आणि गंमत अशी की फायरफॉक्स हे मुळात रेड पांडा ह्या प्राण्याचं दुसरं नाव आहे, कोल्हा नाहीच तो. मराठी सगळी सामान्यनामात आणि कीवर्डमध्ये घाला. व्हिस्करच्या प्रॉपर्टीजमध्ये सामान्यनामं दाखवायचा पर्याय आहे, तो चालू केला की "फायरफॉक्स"च्या जागी तुम्ही दिलेलं दिसेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मराठी कीवर्डची ओळ लिहिली की मूळ इंग्रजी ओळ वाचलीच जात नाही. लिब्रेऑफिस कॅल्कच्या मूळ कीवर्डमध्ये मायक्रोसॉफ्ट एक्सेल आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळं पोरगं रोमनमध्ये एक्सेल टाइप करतं आणि त्याला कॅल्क सापडतं. तुम्ही मराठी ओळीत नुसतं "हिशोब, तक्ता" लिहिलं तर ते बंद होईल. म्हणून एक्सेल रोमनमध्ये पण लिहा, देवनागरीत पण लिहा, हिशोब लिहा, हिशेब पण लिहा.

परभणीकर
हे लई कामाचं सांगितलं राव. पण ह्या फाइली सगळ्या युजरला लागू व्हायला पाहिजेत, एकेकाच्या लॉगिनमध्ये कोण बसणार.

नांदेड_टर्मिनल
मूळ फाइली यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स ह्या फोल्डरात असतात. तिथं बदल करू नका, अपडेट आलं की पुसलं जातं. त्याच नावाची कॉपी यूएसआर, लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्समध्ये ठेवा, नसला तर फोल्डर करा. सिस्टीम लोकलवाली आधी बघते. एकट्या युजरसाठी करायचं असेल तर त्याच्या होममध्ये डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स. जे दाखवायचंच नाही, म्हणजे पोरांनी उगं छेडछाड करू नये असं, त्याच्या फाइलीत नोडिस्प्ले बरोबर ट्रू.

लातूर_पॅटर्न
ऱ्हस्व-दीर्घाचं काय? "ब्राउझर" लिहिलं आणि पोरानं "ब्राऊझर" टाइप केलं तर?

नांदेड_टर्मिनल
नाही सापडणार. दोन्ही घाला. मशीनला शुद्धलेखन कळत नाही, तिला अक्षर जुळतं का एवढंच कळतं.

जुना_डीटीपीवाला
त्याच्याहून वाईट सांगतो. ॲप शब्दातला ॲ. हा युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या जागतिक तक्त्यात) स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ ला आला, ५.१ आवृत्तीत, मराठीसाठीच. त्याच्या आधी लोक साधा अ टाइप करून त्याच्यावर चंद्र ठेवायचे आणि अजूनही कितीतरी कीबोर्डवर तसंच उठतं. दिसायला दोन्ही सारखेच, भिंग लावून बघा फरक दिसणार नाही, पण आतून वेगळे कोड, शोधताना जुळत नाहीत. ज्याच्या नावाची सुरुवातच ॲ नं आहे तो प्रोग्राम अर्ध्या लोकांना सापडणारच नाही. मी तर म्हणतो गटाच्या नावात ॲप्लिकेशन शब्दच नको, "प्रोग्राम" लिहा, तो साठ वर्षांच्या माणसाला पण येतो.

कडब्याची_गंज
मी घरी व्हिस्कर वापरत नाही, डीमेनू वापरतो, वरच्या कडेला एक पट्टी येते, नाव टाइप करायचं एंटर मारायचं. त्यात मराठी नाव दिलं तर अक्षरं फुटायलीत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन पडायली, जोडाक्षरं सुटी सुटी.

नांदेड_टर्मिनल
डीमेनूचं अक्षर काढायचं तंत्रच साधं आहे, त्याच्यात देवनागरीची जोडणी होत नाही. रोफी टाका, तसंच पट्टीवालं आहे, पण ते अक्षरं जोडायला पँगो वापरतं, मराठी नीट दिसतं. पण ड्रन मोडमध्ये चालवा, रन मोडमध्ये नाही. रनमध्ये नुसत्या कमांडची नावं येतात, ड्रन डेस्कटॉप फाइली वाचतं, म्हणजे वर सांगितलेली मराठी नावं आणि कीवर्ड तिथंही मिळतील.

अंबाजोगाईची
आता कस्टमाइझकडं वळा. सानुकूल हा शब्द मोबाइलमध्ये सगळीकडं दिसतो पण मराठीत सानुकूल म्हणजे अनुकूल, ग्रह सानुकूल आहेत, वातावरण सानुकूल आहे. "मेनू सानुकूल करा" वाचलं की वाटतं मेनू रुसलाय, त्याची मनधरणी करायची आहे. मला "बेतून घ्या" आवडतो, मापाप्रमाणे कापड बेततो तसं.

लातूर_पॅटर्न
जिवावर बेतलं म्हणजे?

अंबाजोगाईची
तुम्ही नांदेडवाल्यांचं ऐकून मूळ फाइलीत बदल केला नाही तर बेतणार नाही. बरं, बेतणं नको तर डीटीपीवाल्यांचं "बसवणं" घ्या. "मेनू आपल्या सोयीनं बसवा." बोलताना आपण तेच म्हणतो, "मी माझा मेनू बसवून घेतलाय".

आणि फेव्हरिटला "आवडते" लिहू नका हो. कॅल्क कोणाला आवडतं? रोज लागतं म्हणून वर ठेवतात. "रोजचे" लिहा. पिनला मात्र लातूरवाल्यांची टाचणी मला पटली, नाम म्हणून नाही, क्रियापद म्हणून, "टाचून ठेवा". दर्ग्याच्या यात्रेची पावती कॅलेंडरला टाचून ठेवतात ते सगळ्यांना माहितीय.

लातूर_पॅटर्न
अखेर एक मार्क मिळाला.

परभणीकर
बरं मंडळी, असं करतो. लाँचर शब्द काढून टाकतो, नुसतं मेनू. फेव्हरिट रोजचे, अलीकडच्याला नुकतेच, पिन टाचून ठेवा, रन चालवा. प्रॉपर्टीजच्या तिथं कस्टमाइझसाठी "सोयीनं बसवा". ऑफिसच्या गटाला "लिहिणं-हिशोब" करायचा विचार आहे, राइटर आणि कॅल्क तेवढंच वापरतात पोरं. इम्प्रेस (प्रेझेंटेशनचं) त्यात बसत नाही पण ते कोणी उघडत पण नाही. ग्राफिक्सला "चित्रं". इंटरनेटला इंटरनेटच. ॲक्सेसरीजला अजून सुचत नाही, "उपसाधनं" वाचलं की शेतीच्या अवजाराची योजना वाटते.

जुना_डीटीपीवाला
"किरकोळ". त्या गटात कॅल्क्युलेटर, नोटपॅड, स्क्रीनशॉट एवढंच असतं, किराणा दुकानाच्या वहीत पण शेवटी किरकोळ असतंच.

परभणीकर
किरकोळ फायनल. नांदेडवाले, गटांची नावं पण डेस्कटॉप फाइलीतच बदलायची का?

नांदेड_टर्मिनल
नाही, गटाची फाइल वेगळी, डॉट डिरेक्टरी, ती डेस्कटॉप-डिरेक्टरीज नावाच्या फोल्डरात असते. नेमच्या ओळीला एमआरचा कंस तसाच. आधी एकच गट बदलून बघा, मेनूत नाव आलं की मंग बाकीचे करा, नाहीच आलं तर लॉगआउट करून परत या.